याकूबभाईंचे सहा पौष

चिपळूणहून जालन्याकडे जायचं ठरवलं तेव्हा ग्रंथालयातल्या प्रत्येकाने मला एकच विचारलं, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" मला काही सांगता आलं नाही. आमच्याकडचा माणूस घाट चढला की पुण्यापर्यंत जातो, फार तर कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला. मी माघाच्या महिन्यात चार दिवस वाटूरजवळच्या एका खेड्यात राहून आले, आणि आता तीच माणसं विचारतात, "काय पाहिलंस?" त्यांना सवडीने सांगायचं म्हणून हे लिहायला बसले आहे. पण ते सांगायचं तर आधी माझ्या बहिणीपासून सुरुवात करावी लागेल.

आम्ही दोघी बहिणी. थोरली इंदिरा, तिला मी आणि सगळा गाव अक्का म्हणायचो. धाकटी मी, कुमुद. दोघींचीही लग्नं झाली नाहीत. अक्का शाळेत मराठी शिकवायची, मी ग्रंथालयात होते, आणि घरच्या ओटीवरून अक्का एक लहानसं त्रैमासिक चालवायची. कविता निवडणं तिचं काम, तिने सांगितलेली पत्रं उतरवून पाकिटांना तिकिटं चिकटवणं माझं.

सहा वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात तिच्याकडे जालना जिल्ह्यातून एक पोस्टकार्ड आलं. याकूब बागवान नावाच्या, मोसंबीची बाग असलेल्या गृहस्थांनी चार ओळी लिहून पाठवल्या होत्या. त्यांची बायको हलीमा मृगाच्या तोंडावर वारली होती. महिना आषाढ होता आणि ओळीही आषाढाच्याच होत्या. पुढच्या महिन्यात श्रावणाचं कार्ड आलं:

सावन आला, आभाळ भरलं, मी हासलो.
हासून मागं वळलो. मागं कोण न्हाई.

अक्काने त्यांना उलट टपाली लिहिलं, "दुःखाच्या कवितेत पाऊस आल्यावर माणूस हसतो, हे मला पटलं नाही. 'रडलो' असं हवं होतं का?" त्यावर त्यांचं उत्तर आलं ते मला अजून पाठ आहे: "ताई, तुमच्याकडं पाऊस रडत असंल. आमच्याकडं पाऊस आला की माणसाला पहिलं हासूच येतं. मंग ध्यानात येतं, हे जिला सांगायचं ती न्हाई."

ते कार्ड अक्काने पडवीत उभ्या उभ्या वाचलं. बाहेर आमचा चार दिवस न थांबलेला पाऊस कोसळत होता. चष्मा काढून ती म्हणाली, "कुमुद, इतकी वर्षं मी पोरांना पाऊस म्हणजे आसवं, असंच शिकवत आले गं."

त्या वर्षीची बाराही कार्डं आम्ही छापली. त्यानंतर ते कविता पाठवत नसत. वहीत लिहितो, एवढंच कळवत. फक्त दर श्रावणात एक कार्ड यायचं, अक्कासाठी म्हणून. मधल्या महिन्यांत खुशालीची पत्रं असायची, बागेची हकिकत, विहिरीचं पाणी.

दीड वर्षापूर्वी श्रावणातच अक्का गेली. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त. आठव्या दिवशी पोस्टमनने याकूबभाईंचं श्रावणाचं कार्ड आणून दिलं. इतरांना मी धीराने कळवलं होतं. पण त्यांना उत्तर लिहायला बसले आणि 'अक्का गेली' हे वाक्य त्या कार्डावर माझ्याने लिहवेना. मी कविता पोहोचल्याचं लिहिलं, पावसाचं लिहिलं, आणि खाली सही केली: इंदिरा. पुढच्या पत्रालाही तसंच केलं. मग खरं सांगणं दर पत्रागणिक अवघड होत गेलं.

मागच्या दिवाळीनंतर मी अक्काच्याच नावाने त्यांना लिहिलं की सगळ्या वह्यांचं एक लहान पुस्तक करावं असं मनात आहे. उत्तर आलं, "वह्या पोस्टाने देणार न्हाई. ताई, तुम्ही स्वतः या."

वाटूर फाटा

जालन्याहून मंठ्याच्या गाडीत बसले तेव्हा ऊन चढलं होतं. आमच्याकडे बसच्या खिडकीतून दिसतं ते झाडच, फार तर दोन झाडांमधली फट. इथे खिडकीतून आभाळ दिसतं आणि त्याच्या तळाशी थोडीशी जमीन. काळीभोर जमीन, तिच्यावर कणसं धरलेली ज्वारी, मधेच करडईचे पिवळे पट्टे. पहिला अर्धा तास मला उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं. मग डोळे सैलावले.

फाट्यावर उतरले. चहाच्या टपरीजवळ एक उंच, सडपातळ, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ सायकल धरून उभे होते. डोक्याला टोपी, पायात जाड वहाणा. त्यांनी मला ओळखलं, कारण उतरणारी बाई मी एकटीच होते.

"सलाम, ताई," ते म्हणाले आणि क्षणभर बघतच राहिले. "सहा सालं कार्डावर बोलून राह्यलो. आज तोंड बघितलं."

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात गाडीने भोंगा वाजवला, धूळ उडाली, आणि ती खाली बसेपर्यंत त्यांनी माझी पिशवी सायकलच्या कॅरिअरला बांधूनही टाकली होती. "चला. पाऊण घंट्याचा रस्ता हाये. शमीमनं भाकरी टाकल्या असतील."

सगळ्या प्रवासात मी 'मी इंदिरा नाही' हे वाक्य घोकत आले होते. त्या पाऊण तासात ते मी एकदाही उच्चारलं नाही. ते सायकल ढकलत चालत होते आणि शेतं दाखवत होते. हा हरभरा, घाटे धरलेत. ही तूर, निघाली. एका बांधावर थांबून त्यांनी ज्वारीचं कोवळं कणीस मोडलं, तळव्यावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हिरवे दाणे माझ्या हातावर ठेवले. "चार दिवस आधी आल्या असत्या तर भाजून हुरडा देला असता. आता दाणे निबर व्हायला लागले." ते दाणे गोड होते, थोडे दुधाळ. मी ते अक्काच्या नावाने खात होते.

घर मातीच्या जाड भिंतींचं, पुढे झाडून लख्ख केलेलं अंगण. सून शमीम दारातच उभी होती. तिशीतली, हसरी, बोलायला घाई असलेली. तिचा नवरा मोसंबीची गाडी घेऊन परमुलखात गेला होता, म्हणून घरात हे दोघंच. तिने पाणी दिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "ताई, तुम्हाला आमच्या हातचं चालतं ना? मी वायली भांडी काढून ठेवली."

"अगं, आम्ही मासे खाणारी माणसं. मला उपास सोडून सगळं चालतं," मी म्हटलं. ती मोकळी हसली आणि वेगळी काढलेली भांडी तिने माझ्यासमोरच फडताळात परत ठेवली.

जेवायला ज्वारीच्या भाकरी, चिंचेची खट्टी दाल, तिळाचं कूट घालून केलेली वांगी. माझी पंचाईत भाकरीने केली. आमची तांदळाची भाकरी मऊ, घडी होते. ही मोडायची, कुस्करायची, आणि मी ती पोळीसारखी गुंडाळायला गेले तर दाल मनगटावरून कोपरापर्यंत उतरली. याकूबभाई मान वळवून भिंतीकडे बघत राहिले. पाहुणीला हसू नये म्हणून. त्यांचे खांदे मात्र हलत होते.

बागेत

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाग दाखवली. ही मोसंबीची झाडं आहेत हे मी ओळखलं नसतं. अर्धीअधिक पानं गळून खाली पडलेली, फांद्या उघड्या, आणि त्या उघड्या फांद्यांवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या कळ्या. वास मात्र सगळीकडे होता, थोडा लिंबाचा, थोडा मधाचा.

"आजारी आहेत का झाडं?" मी विचारलं.

"न्हाई, ताई. ताण देल्ता." ते एका झाडाशी उकिडवे बसले. "बहार पायजे तर झाडाला आधी प्यासं ठेवावं लागतं. पाणी बंद. पानं पिवळी पडतात, गळतात. नवा माणूस घाबरतो आणि जल्दी जल्दी पाणी देऊन टाकतो. मंग बहार फसतो. आणि ताण जास्त झाला तर झाड मरतं. कधी पाणी सोडायचं ते किताबात न्हाई. रोज झाडाकडं बघावं लागतं."

त्यांच्या पहिल्या वर्षाच्या कार्डांतलं पौषाचं कार्ड मी आणि अक्काने कितीतरी वेळा वाचलं होतं. त्यातला 'ताण' आम्ही दोघींनी मनाचा ताण समजून वाचला होता. पौषाला ते पूस म्हणतात:

पूस आला, बागेला मी ताण देला.
पानं पिवळी, फांदी उघडी, मी बघत राह्यलो.
हलीमा, झाडाला ठावं हाये पाणी येणार.
मला कोण सांगितलं?

त्या झाडाशेजारी उभी राहून मी त्या ओळी पुन्हा मनात म्हटल्या, तेव्हा पहिल्यांदा कळलं की इथे कुठेच उपमा नव्हती. माणूस सकाळी उठून बागेत जात होता, जे दिसत होतं ते लिहीत होता, आणि तिसऱ्या ओळीत त्याला बायकोला हाक मारावीशी वाटली होती.

दुपारी शमीमने अंगणात घोंगडी अंथरली आणि याकूबभाईंनी पत्र्याच्या पेटीतून वह्या काढल्या. सहा वह्या, शाळेच्या पोरांच्या असतात तशा. प्रत्येक वहीत बारा पानं लिहिलेली, सहावीत पौषापर्यंतची सात, बाकीची कोरी. शाळा मराठी म्हणून अक्षर मराठी, भाषा त्यांच्या घरातली आणि शिवारातली. पहिली वही त्यांनी माझ्या हातात दिली आणि शमीमला म्हणाले, "तुला सांगितलं होतं ना, ताईनं माझ्या सावनावर तक्रार केल्ती? ताई, तुम्हीच सांगा हिला. तुम्ही काय लिव्हलं होतं?"

मला ते तोंडपाठ होतं. मी सहज सांगायला लागले, "अक्काला वाटलं की पाऊस आल्यावर माणूस..."

मी थांबले. शमीम माझ्याकडे बघत होती.

"अक्का कोण?" याकूबभाईंनी विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. मी इंदिरा नाही, तिची धाकटी बहीण आहे. ती दीड वर्षापूर्वी गेली. तेव्हापासून पत्रं मी लिहिते आहे. काल फाट्यावर सांगायला हवं होतं, ते जमलं नाही. वाक्यं तुटत होती. त्यांनी मला मधे थांबवलं नाही. शेवटी त्यांनी माझ्या मांडीवरची वही उचलून घेतली आणि पेटीत ठेवली.

"दीड साल," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "दीड साल मी मेलेल्या बाईला 'तब्येत कशी हाये' विचारून राह्यलो. आणि तुम्ही 'बरी आहे' म्हणून लिवत होत्या."

ते उठले, वहाणा घातल्या आणि बागेकडे गेले.

शमीमने पेटी आत नेली. मी म्हटलं, "मी संध्याकाळच्या गाडीने जाते."

"संध्याकाळी गाडी न्हाई फाट्यावर," ती म्हणाली. मला नंतर कळलं की ती खोटं बोलली होती. "अब्बांना राग आला की बागेतच जातात. झाडांना शिव्या देतात, माणसांना न्हाई. तुम्ही ज्वारी निवडू लागा मला."

मी ज्वारी निवडली. त्या रात्री ते लवकर जेवून बाहेर खाटेवर निजले होते. पण शमीमने ताट वाढताना सांगितलं की भाकरी मऊ करायला अब्बांनी तिला बजावलं आहे, त्या बाईला मोडता येत नाही म्हणून.

बारं

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पिशवी भरली आणि निरोप घ्यायला बागेत गेले. ते बारं देत होते. बारं म्हणजे पाटाचं पाणी एकेका झाडाच्या आळ्यात वळवणं. एक आळं भरलं की फावड्याने मातीचा बांध घालायचा, पुढचा फोडायचा. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कोणत्या महिन्यात गेल्या?"

"श्रावणात. नागपंचमीनंतर चार दिवसांनी."

फावडं थांबलं. "त्या सालचा सावन मी धाडला होता."

"आठव्या दिवशी आला. मी वाचला. तिने नाही."

ते फावडं जमिनीत रोवून त्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "मंग तो वाचायचा राह्यला म्हणा," ते म्हणाले, आणि त्यांनी ती कविता पाठ म्हणून दाखवली. माझ्यासाठी नाही. ते समोर बघून म्हणत होते, शाळेत बाईंना कविता म्हणून दाखवावी तशी, एकेक शब्द सुटा:

सावनाची ऊनसावली बांधावरून धावली.
मी तिच्यामागं नजर देली, पाय न्हाई देले.
गुडघे दुखतात म्हणून न्हाई.
आता घाई न्हाई म्हणून.

अक्का गेल्यापासून माझ्यासमोर लोक तिच्याबद्दल बोलले होते. तिच्याशी कुणी बोललं नव्हतं. मला रडू आलं, आणि चांगलं मोठ्याने आलं. याकूबभाई गोंधळून एक पाऊल पुढे आले, पुन्हा मागे गेले. तोवर पाणी आळ्याच्या काठावरून वाहू लागलं होतं. "अरे, अरे, बारं फुटलं!" म्हणत ते धावले. मीही मदत करायला पुढे झाले आणि घोट्यापर्यंत काळ्या मातीत रुतले. आमच्या लाल मातीत पाय घसरतो, तो निघतो तरी. ही माती धरून ठेवते. पाय ओढला तो वर आला, चप्पल खालीच राहिली. ती शोधायला वाकले तर दुसरी रुतली. शेवटी याकूबभाईंनी दोन्ही चपला फावड्याने उकरून काढल्या, पाटात धुतल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.

"सांगायला पायजे होतं, बाई," ते म्हणाले.

"हो."

"लिव्हायला जमलं न्हाई?"

"नाही जमलं."

त्यांनी मान हलवली. "हलीमा गेली तवा तिच्या भावाला मंठ्याला सांगावा धाडायचा होता. दोन दिवस मी सांगितलं न्हाई. तो मैतीला पोचला न्हाई. अजून बोलत न्हाई माझ्याशी." एवढं सांगून ते पुढच्या आळ्याकडे वळले. थोड्या वेळाने पाठमोरेच म्हणाले, "पिशवी सोडा. वह्या वाचायच्या हायेत."

सहा वह्या

तो उरलेला दिवस आणि चौथ्या दिवसाची सकाळ आम्ही वाचत होतो. मी मोठ्याने वाचायचे, ते ऐकायचे, शमीम शेंगा फोडत कान देऊन बसलेली. मी वह्या वर्षांप्रमाणे न वाचता महिन्यांप्रमाणे वाचू लागले, सहाही वर्षांचे आषाढ एका ओळीत, मग सहाही श्रावण. पौषापाशी आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांनी या वह्या पोस्टाने का दिल्या नाहीत, ते मला कळलं.

पहिला पौष मला माहीत होता. दुसऱ्या वर्षीचा असा होता:

पूस आला, ताण देला.
तुझ्या ओढणीच्या चिंधीनं कलम बांधलं होतं.
यंदा चिंधी कुजून गळाली.
कलम धरलंय.

तिसऱ्यात हलीमाचं नाव नव्हतं, 'ती असती तर' एवढंच होतं. चौथ्यात विहिरीत किती पाणी आहे आणि कोणती झाडं म्हातारी झाली, हे होतं. पाचव्यात थंडीने मोडलेली फांदी. आणि नुकताच सरलेला सहावा पौष तर इतकाच:

पूस. पानं गळाली.
पाखरं मोप.
पाणी उद्या.

मी वही खाली ठेवली. याकूबभाई जमिनीकडे बघत होते.

"सांगा, यात कुठं हाये ती?" ते म्हणाले. "बत्तीस सालं संसार केला. सहा सालांत पानावरून उतरली. मी इसरायचं ठरवलं न्हाई. लिवायला बसतो, जे दिसतं ते लिवतो. पहिल्या साली सगळीकडं तीच दिसायची. आता पाखरं दिसतात. हे छापलं तर लोक काय म्हणतील? बुढ्यानं बायकोला पुसून टाकलं."

मला त्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं होतं. अक्काच्या हाताखाली वाढलेली मी, शब्द तयार होते. "तसं नाही, याकूबभाई. ती गेलीच नाही. ती पाखरांमध्ये आली आहे. या ओळीतली पाखरं म्हणजे तीच..."

"न्हाई, बाई." ते पहिल्यांदाच जरा जोराने बोलले. "पाखरं पाखरं हायेत. त्यांना हलीमा म्हणू नका. तिला पाखरं आवडत न्हवती, फळं फोडतात म्हणून दगड मारायची. ती कमी झाली. हे खरं हाये. खरं हाये तेच मी लिवलं."

मग जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघालं. मागच्या कार्तिकात एक दिवस ग्रंथालयात नवी पुस्तकं आली. दिवसभर मी ती लावत होते, खूश होते. घरी येऊन दिवा लावताना लक्षात आलं, सकाळपासून अक्काची एकदाही आठवण झाली नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. स्वतःला शिक्षा म्हणून.

"जेवल्या न्हाई?" शमीमने विचारलं.

"नाही."

तिने शेंगांची पाटी बाजूला सरकवली. सासऱ्यापुढे ती एरवी पदर सावरून हळू बोलायची. आता बोलली ती थेट त्यांच्याकडे बघून. "अब्बा, अम्मी गेल्या तवा मी नवी सून होते. पहिलं साल तुम्ही जेवताना एक शब्द बोलत नव्हते. मला वाटायचं, या घरात आपण कसं ऱ्हायचं? चौथ्या साली तुम्ही माझ्या खारट दालीला नाव ठेवलं. मी चुलीजवळ बसून रडले, खुशीनं. तुम्ही म्हणता त्या वहीत अम्मी न्हाई. त्या वहीत तुम्ही परत आले, ते कुणी बघायचं?"

याकूबभाईंनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. मग सहावी वही उचलून त्यांनी तो पौष स्वतःच पुन्हा वाचला, ओठ हलवत. "'मोप' बराबर हाये का?" त्यांनी मला विचारलं. "का 'लई' पायजे?"

"मोप चांगलं आहे," मी म्हटलं.

"मंग ऱ्हाऊ द्या." त्यांनी सहाही वह्या एकावर एक रचल्या, सुतळीने बांधल्या आणि माझ्याकडे सरकवल्या. "सगळे महिने छापा. कमी झालेलेही. एकही वगळायचा न्हाई. आणि बाई, महिन्याप्रमाणंच लावा, जसं वाचलं तसं. म्हणजे वाचणाऱ्याला कळंल, एका दिवसात होत न्हाई हे."

मी विचारलं, "तुम्हाला आता बरं वाटतं का?"

त्यांनी विचार केला. "न्हाई," ते म्हणाले. "पण भूक लागलीय."

परतीची गाडी

निघायच्या दिवशी दुपारी शमीमने मला पाटावर बसवून माझी ओटी भरली. खोबरं, तांदूळ, एक हिरवं खणाचं कापड. "शेजारच्या बायांचं बघून शिकले," ती म्हणाली. "चुकलं तर सांगा, फूफी." फूफी म्हणजे आत्या. मी चमकून बघितलं तेव्हा ती म्हणाली, "अब्बांची बहीण ती फूफीच की." याकूबभाई सायकलची हवा तपासत होते. त्यांनी ऐकलं नसल्यासारखं केलं.

बागेच्या ताण न दिलेल्या एका कोपऱ्यात मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यात फुललेली फळं उतरायला आली होती. त्यांनी एक पोतडी भरून दिली. नको म्हणण्यात अर्थ नव्हता. फाट्यावर गाडी आली, त्यांनी पोतडी खिडकीतून आत ढकलली, वह्यांची पिशवी मात्र माझ्या हातात दिली आणि ती मी छातीशी धरली आहे हे बघूनच ते मागे सरले. "खबर द्या पोचल्याची," ते म्हणाले. "खरी."

वाटूर सोडून मैलभरही गेलो नसू. एका खड्ड्यात गाडी आदळली, पोतडीची सुतळी सुटली आणि मोसंब्या सगळ्या गाडीभर घरंगळल्या. बाकांखाली, ड्रायव्हरच्या पायांशी, एका म्हातारबाच्या कोंबड्याच्या टोपलीखाली. लोक ओणवे झाले. "हे घ्या", "इकडं दोन हायेत", "मावशी, पदर पसरा." मी पदर पसरला. कुणी फळं परत दिली, कुणी विचारून सोलायला घेतली, आणि थोड्याच वेळात सगळ्या गाडीला मोसंबीचा वास सुटला. म्हातारबांनी एक फोड कोंबड्यालाही दाखवली. मी हसत होते. खूप दिवसांनी पोट धरून हसत होते, आणि हसणं संपल्यावर मनात काहीच टोचलं नाही.

कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आला. पदरात फळं, मांडीवर वह्या, पिशवीतून ओटीचं हिरवं कापड डोकावत होतं. त्याने ते बघितलं आणि तिकीट पुढे करत विचारलं, "माहेरून निघाल्या का, मावशी?"

जन्मभर मी ज्या घरात जन्मले त्याच घरात राहिले. माहेर म्हणून दुसरीकडे जायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती.

"हो," मी म्हटलं, आणि त्याच्या हातावर एक मोसंबी ठेवली.